दासगांवचा धक्का व चवदार तळें

महाडच्या चवदार तळ्यावर दरवर्षीं २० मार्चला मोठा जनसमुदाय लोटतो. पायऱ्या उतरून कित्येक जण ओंजळ भरतात. १९२७ सालीं ह्याच दिवशीं डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं जें केलें, त्याचीच ही पुनरावृत्ति. तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव महाड नगरपालिकेनें १९२४ सालींच केला होता. पण ठराव दप्तरांत आणि पाणी तळ्यांत, अशी स्थिति होती! त्या ओंजळीस उत्तर मिळालें तें लाठ्यांनीं, आणि मागाहून शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धि’ झाली.

ह्या स्मरणांत दासगांव मात्र मागें पडतें. वस्तुतः त्या कृतीची पहिली पुनरावृत्ति करावी म्हणून जी मंडळी निघाली, ती उतरली ह्याच बंदरावर. धरमतरच्या वाटेनें मोटारवाले नेतील कीं नाहीं याची शाश्वति नव्हती. म्हणून डॉ. आंबेडकर मुंबईहून आगबोटीनें निघाले व सावित्रीच्या खाडींतून २५ डिसेंबर १९२७ रोजीं दुपारीं दासगांवास पोंचले. धक्क्यावर हजारों सत्याग्रही वाट पाहत होते. तेथून महाडपर्यंत पांच मैल सारे पायींच गेले. त्याच रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें.

पाणी मात्र प्यावयाचें राहिलें. विरोधकांनीं दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आधींच मिळविला होता. तो मानावा कीं मोडावा, यावर परिषदेंत पुष्कळ वाद झाला. अखेर २७ तारखेस तळ्याभोंवतीं फेरी काढून, ओंजळ न भरतां, मंडळी परतली. तो खटला मुंबई हायकोर्टापर्यंत चालून १७ मार्च १९३७ रोजीं अस्पृश्यांच्या बाजूनें संपला.