सावकाश वाढणारी गाठ

बडोद्याच्या जुन्या शहराच्या पश्चिम अंगास लहरीपुरा दरवाजा आहे. तेथून मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान असलेल्या साठीच्या एखाद्या गृहस्थांच्या हाताला मानेत सुपारीएवढी गाठ लागली, असे समजू. ती दुखत नाही. ताप नाही, वजनही घटलेले नाही. घरात लेप सुरू होतो, आणि फारच झाले तर क्षयाची औषधे. आपल्या देशात अशा गाठींच्या मुळाशी क्षय वारंवार सापडतो, त्यामुळे हा तर्क वेडगळ नव्हे. परंतु तपासणीवाचून तो खरा मानणे घातक.

कारण ही गाठ लसिकाग्रंथींच्या मंदगती कर्करोगाचीही असू शकते. त्यांपैकी प्रमुख प्रकार फॉलिक्युलर लिम्फोमा. न्यूयॉर्कचे डॉक्टर ब्रिल यांनी १९२५ साली व सिमर्स यांनी १९२७ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा ही ग्रंथींची निव्वळ वाढ समजली गेली होती. आज ठाऊक आहे की, बहुतेक रुग्णांत चौदाव्या व अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्या पेशी वेळच्या वेळी मरेनाशा होतात.

निदानास सुईने ओढलेला रस सहसा अपुरा पडतो. ग्रंथीची रचनाच पाहावयाची असल्याने शक्यतो सबंध गाठ काढून ती विकृतिशास्त्रज्ञाकडे द्यावी लागते. लहरीपुऱ्यापासून सयाजी रुग्णालय फार दूर नाही, आणि बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय तर १९४९ पासूनचे; रुग्ण उशिरा पोहोचतो तो अंतरामुळे नव्हे, गाठ दुखत नाही म्हणून.

उपचाराची गोष्ट अधिक चमत्कारिक. रोग एकाच जागी असेल तर किरणोपचाराने काही जण पूर्ण बरे होतात. तो पसरलेला असून त्रास मात्र नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा औषधच देत नाहीत! घरच्यांना हा हलगर्जीपणा वाटतो. पण ब्रिटनमधील ३०९ रुग्णांच्या पाहणीत, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, लगेच औषध घेणाऱ्यांचे आयुष्य थांबणाऱ्यांपेक्षा वाढलेले आढळले नाही. त्रास सुरू झाला की रिटुक्सिमॅब व त्याच्या जोडीची औषधे येतात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबचा देशी पर्याय आणला. ते देण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आहे काय, हे पाहिलेच पाहिजे; दबलेली ती कावीळ औषधाने उसळते.

राहिली कागदावरची नोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात या रोगाचा अंक सी ८२. पुढचा आकडा त्याची प्रत सांगतो. अहवालात नुसते ‘लिम्फोमा’ लिहिले असेल, तर कारकुनाला सी ८५.९ म्हणजे ‘प्रकार अनिर्दिष्ट’ असे लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. कर्करोग-नोंदवहीत पेशींच्या रूपाचा वेगळा अंक असतो, ९६९०/३. त्यातला तिनाचा आकडा गाठ मारक असल्याची खूण होय. क्षयाच्या ग्रंथींचा अंक ए १८.२, केवळ अंदाजाने तो पडला, तर मूळ रोग मोजदादीतून निसटतो, आणि रुग्ण उपचारांतून.

पुढे एखादी गाठ एकाएकी फुगू लागली, रात्री घामाने कपडे भिजू लागले, तर पुन्हा तुकडा तपासावा लागतो. रोगाने उग्र रूप घेतले असल्यास अंक बहुधा सी ८३.३ होतो, आणि थांबून पाहण्याचा काळ तेथे संपतो.