घरशाळा – भाग ९ : दोन सूत कमी

गेल्या आठवड्यात घरशाळेच्या, म्हणजे मुलांना घरीच शिकवण्याच्या, कायद्यावर लिहिलं. आलेल्या पत्रांत मात्र कायद्याविषयी एकच प्रश्न होता. बाकीच्यांना हवी होती यादी: कोणता संच घ्यावा, कुठलं ॲप बरं, भिंतीवर फळा लावायचा का? फळ्याचं आधी सांगते. आम्ही मोठ्या हौसेनं लावला होता. सध्या त्यावर दुधाचा हिशेब आणि इस्त्रीला टाकलेल्या कपड्यांचा आकडा असतो.

पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मोफत वाचायला मिळतात. आमच्या थोरलीनं एक अख्खा पावसाळा त्यांतच घालवला. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर पुस्तकांचा आणि टाकाऊतून केलेल्या खेळण्यांचा डोंगर आहे, त्यात मराठी पुस्तकंही भरपूर. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या सामानावर त्रिकोण पक्का का राहतो आणि चौकोन का लचकतो, हे दहा मिनिटांत हाताला कळतं. घरशाळेतले बरेच पालक पाठ्यपुस्तक म्हटलं की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कुठल्या इयत्तेत काय अपेक्षित आहे हे कळायला त्याहून स्वस्त साधन नाही, आणि ते पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे अशी सक्तीही नाही.

तर साधनांची ददात नाही. ददात असते माणसांची.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघरात मांडणीचं काम निघालं. सुतारकाका चार दिवस येत होते. धाकटा (वय दहा) पहिल्या दिवशी नुसता भुस्सा गोळा करत बसला. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच्या हातात टेप दिली. त्यांच्या तोंडी फूट, इंच आणि सूत. एका इंचाचे आठ सूत. ‘पावणेसोळा इंच’ म्हणजे पंधरा इंच सहा सूत, हे काका बोलता बोलता करत आणि हा बोटं मोडत बसे. तीन दिवसांत बोटं थांबली. त्याच आठ सुतांच्या अपूर्णांकांनी जूनपासून मला रडवलं होतं.

शेवटच्या दिवशी मसाल्यांच्या डब्यांसाठी दोन फुटांची फळी उरली होती. धाकट्यानं ऐटीत हिशेब केला: चोवीस भागिले तीन, आठ-आठ इंचांचे तीन तुकडे. काकांनी ओळीनं मापं घेऊन दोन तुकडे कापले. उरलेला तिसरा मोजला तर सात इंच सहा सूत. पोरानं टेप उलटी धरून पुन्हा मोजलं. मग पहिले दोन तुकडे मोजले, ते बरोबर आठ.

“काका, दोन सूत गेले कुठे?”

“पातं खातं ना बाळा. एका कापाला एक सूत धर. तू पात्याचं पोट धरलंच नाहीस.”

काकांना ही चूक आधीच दिसली होती, अशी माझी खात्री आहे. पण फळी उरलेली होती, म्हणून त्यांनी ती होऊ दिली. अशी चूक होऊ द्यायला शिकवणाऱ्याकडे वेळ लागतो आणि एक फुकट घालवायची फळी. तिसरा खण आजही किंचित आखूड आहे, त्यात जिऱ्याचा डबा ठेवला आहे. रात्री आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हा किस्सा ऐकला आणि त्यांना पावकी-निमकी आठवली. निमकी अजून घडाघडा येते. दिडकी ‘पाच दिडे साडेसात’च्या पुढे अडखळते, ते आता दोघं मिळून जुळवतात.

आता हे वाचून कुणी म्हणेल, वा, किती सहज! त्या चार दिवसांत माझं काम किती तुंबलं ते मी सांगितलेलं नाही. सुतार, आजोबा, पोस्टातल्या बाई, नर्सरीतला माळी हे सगळे शिकवतात; पण त्यांच्यापर्यंत मुलाला नेणारं, जवळ बसणारं आणि तोंड न घालता गप्प राहणारं एक मोठं माणूस दिवसभर मोकळं लागतं. माझ्या ओळखीच्या घरशाळांत ते माणूस बहुतेक वेळा आईच असते. बाबा ‘आम्ही ठरवलं’ म्हणतात आणि साडेनऊला ऑफिसला जातात. आमच्याकडे यावरून भांडण झालं, तेव्हापासून शनिवार आणि दोन संध्याकाळी त्यांच्याकडे आहेत. निर्णय घेण्याआधी कागदावर मांडायचंच असेल तर अभ्यासक्रम राहू द्या, आठवड्याचे तास मांडा.

दुसरी अडचण कागदांची. शाळा दाखला देते, बोनाफाईड देते, गुणपत्रिका देते. घर यातलं काहीच देत नाही. थोरलीच्या एका निबंध स्पर्धेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यावाचून परत आला. सहीच्या जागी मी ‘पालक’ म्हणून सही ठोकली होती, त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणून एक दोनशे पानी वही ठेवली आहे. रोज तीन-चार ओळी: तारीख, काय केलं, कुणाबरोबर. फळी कापली त्या मंगळवारी तिथं लिहिलंय, ‘सूत. २४ ÷ ३ = ८, पण नाही.’ ही वही सरकारला कुणी दाखवायला सांगितलेली नाही. उद्या मूल शाळेत परत जायचं म्हणालं, तर मुख्याध्यापकांपुढे ठेवायला मात्र तीच असेल.

दहावीसाठी बहुतेक घरं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळतात. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली, आजचं नाव २००२ चं. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. मराठी घेता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका वेळी दोनच विषय देऊन मोकळं होता येतं. त्याआधी हवी असेल तर ए, बी, सी अशी पातळ्यांची परीक्षा आहे; त्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. गृहविज्ञान, चित्रकला असे विषय बघून गणित सोडायचा मोह होतो. घाई करू नका. चौदाव्या वर्षी सोडलेलं गणित सोळाव्या वर्षी विज्ञान शाखेच्या दारात आडवं येतं. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म हाही रस्ता आहे, त्यावर पुढच्या भागात.

राहता राहिली सोबत. ‘मुलं एकलकोंडी होतील’ हे आम्हाला भेटणारा प्रत्येक नातेवाईक सांगतो, आणि पूर्वी मी त्यावर तावातावानं उत्तर द्यायचे. आता देत नाही. दर गुरुवारी चार घरशाळा टेकडीवर भेटतात, थोरली कथकला जाते, धाकट्याचा माळ्याशी दोस्ताना आहे. तरी सकाळी अकराला सोसायटीच्या मैदानात तो एकटाच भिंतीवर चेंडू मारत असतो. वॉचमनकाका अधूनमधून बॉलिंग करतात, तेवढीच. चार वाजता शाळेच्या व्हॅन यायला लागतात. त्याला घड्याळ पाहावं लागत नाही. पावणेचारलाच तो बॅट घेऊन गेटवर जाऊन उभा राहतो.