एका मिनिटाचा भाव, इंधनाच्या किलोमध्ये

पुरवठादार म्हणतो, “दहा दिवसांत रक्कम दिलीत तर दोन टक्के सूट, नाहीतर चाळीस दिवसांची मुदत आहेच.” अशा वेळी पेढीवरचा अनुभवी गृहस्थ मनातल्या मनात हिशेब मांडतो. बँकेचे व्याज वार्षिक बारा टक्के धरले, तर तीस दिवस आधी पैसे देण्याचा खर्च सुमारे एक टक्का होतो आणि सूट मिळते दोन टक्के. म्हणजे रक्कम लवकर दिलेली बरी. मात्र व्याजाचा दर तीस टक्के असता, तर खर्च अडीच टक्क्यांवर गेला असता आणि तीच सूट सोडून देणे शहाणपणाचे ठरले असते. वेळ विकत घ्यावा की नाही, हे वेळेच्या आणि पैशाच्या परस्पर भावावर ठरते.

विमान कंपन्या हाच हिशेब प्रत्येक उड्डाणापूर्वी करतात आणि त्याचे उत्तर एका आकड्यात विमानाच्या संगणकाला देतात. त्या आकड्याला ‘कॉस्ट इंडेक्स’ म्हणतात. आज अनेक घरांतील तरुण मंडळी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर चालवतात. उड्डाणाची तयारी करताना पडद्यावर ‘कॉस्ट इंडेक्स’ अशी एक चौकट येते आणि बहुतेक जण कोठेतरी पाहिलेला आकडा तीत भरून पुढे जातात. वस्तुतः त्या चौकटीत हवाई वाहतुकीच्या व्यापाराचे मर्म साठवलेले आहे.

वेगाला लागणारे मोल

विमानाला दोन प्रकारच्या विरोधांशी झुंजावे लागते. हवा कापत जाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. याउलट, स्वतःचे वजन हवेत तोलून धरण्यासाठी जो विरोध सोसावा लागतो, तो वेग कमी झाला की वाढतो. त्यामुळे फार हळू उडणेही महाग आणि फार जलद उडणेही महाग. या दोहोंच्या मध्ये असा एक वेग असतो, ज्याला किलोमीटरमागे सर्वांत कमी इंधन लागते.

मात्र या वेगाच्या आसपास इंधनाची चढण अतिशय सौम्य असते. किलोमीटरमागे केवळ एक टक्का जास्त इंधन जाळले, तर वेग साधारण तीन ते पाच टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीची मिनिटे अशी स्वस्तात मिळतात. पुढचे प्रत्येक मिनिट मात्र आधीच्यापेक्षा महाग होत जाते. एअरबस ए३२० जातीचे विमान सामान्यतः ध्वनीच्या सुमारे ७६ ते ८० टक्के वेगाने जाते. त्याच्या निवडीचा सारा व्यवहार या चिंचोळ्या पट्ट्यात चालतो.

भागाकार कशाचा?

एका मिनिटाच्या वेळेचा खर्च भागिले एक किलो इंधनाचा भाव, म्हणजे एअरबसच्या पद्धतीचा कॉस्ट इंडेक्स. समजा, वेळेचा खर्च मिनिटाला १,५०० रुपये आहे आणि इंधन किलोला ७५ रुपये. भागाकार आला २०. याचा अर्थ, एक मिनिट वाचवण्यासाठी फार तर २० किलो इंधन खर्च करावे; त्यापलीकडे सौदा तोट्याचा.

आता मानू की, पहिले मिनिट वाचवायला ८ किलो जास्त इंधन लागते, दुसऱ्याला १७ आणि तिसऱ्याला ३०. पहिल्या मिनिटासाठी ६०० रुपये देऊन १,५०० वाचतात. दुसऱ्यासाठी १,२७५ द्यावे लागतात. २२५ रुपयांचा का होईना, लाभ आहे. तिसऱ्यासाठी मात्र २,२५० मोजावे लागतात, म्हणजे ७५० रुपयांचा तोटा. विमान दोन मिनिटे वाचवील आणि थांबेल. उद्या इंधन १५० रुपये झाले, तर भागाकार १० वर येईल आणि केवळ पहिलेच मिनिट घेण्यासारखे उरेल. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पद्धत मात्र खरी आहे. वाणिज्य शाखेत ज्याला आपण सीमान्त खर्चाचा सिद्धान्त म्हणतो, तो येथे आकाशात वापरला जातो.

शून्य आकडा भरला तर विमान वेळेचा विचारच करीत नाही. कमीत कमी इंधनाचा वेग धरते. एअरबसमध्ये ९९९ भरले तर इंधनाचा विचार सोडून मर्यादेतील सर्वाधिक वेगाने जाते.

कोणता खर्च धरायचा?

खरी कसोटी येथे लागते. विमानाचे मासिक भाडे, कार्यालयाचा खर्च, विम्याचा हप्ता यांना तासांनी भागून ‘वेळेचा खर्च’ काढण्याचा मोह होतो. परंतु विमान पाच मिनिटे आधी उतरले म्हणून यातील एक रुपयाही कमी होत नाही. म्हणून हे स्थिर खर्च हिशेबाबाहेर ठेवायचे. उड्डाणाच्या तासांनुसार होणारी देखभाल, तासावर ठरलेले इंजिनसेवेचे शुल्क, वैमानिकांना ताशी मिळणारा मोबदला, एवढेच धरायचे. देखभालीतही भेद आहे. चाके व ब्रेक यांची झीज उतरण्याच्या संख्येवर अवलंबून असते, मिनिटांवर नाही. स्थिर खर्च चुकून मिळवला, तर आकडा फुगतो आणि कंपनी रोज हजारो किलो इंधन निष्कारण जाळते. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना, निर्णयामुळे बदलणारा खर्च कोणता आणि न बदलणारा कोणता, हा प्रश्न मी प्रथम विचारीत असे. विमानाच्या बाबतीतही तोच प्रश्न पहिला आहे.

भाव बदलला की वेग बदलतो

१९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव बॅरलला सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे काँकॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी सेवेत आले, ते या बदललेल्या जगात. लंडन ते न्यूयॉर्क अंतर ते साडेतीन तासांच्या आसपास कापत असे. पण त्याची इंधनाची भूक प्रचंड होती. विमान कंपन्यांच्या सेवेत केवळ १४ काँकॉर्ड राहिली आणि २००३ मध्ये ती सेवा संपली.

२००८ मध्ये तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढले. त्या वर्षी अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सने आपली उड्डाणे एक ते तीन मिनिटांनी लांबवली आणि त्यातून वर्षभरात ४ कोटी २० लाख डॉलरच्या बचतीचा अंदाज बांधला. प्रवाशाला न जाणवणारी दोन मिनिटे, आणि बचत एवढी! या धंद्यात प्रवाशामागे निव्वळ नफा किती असतो? विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयएटीएच्या २०२५ च्या अंदाजानुसार सुमारे ७ डॉलर. एवढ्या पातळ नफ्यावर चालणाऱ्या पेढीला मिनिटाचा भाव चुकवणे परवडत नाही.

उशीर झाल्यावर

सुटण्यास उशीर झाला की वैमानिक वेग वाढवून वेळ भरून काढील, अशी प्रवाशांची अपेक्षा असते. दोन तासांच्या प्रवासात वेग वाढवून मोजकीच मिनिटे मिळतात. शिवाय गंतव्य विमानतळावर गर्दी असेल, तर महागात घेतलेली ती मिनिटे वर घिरट्या घालण्यात जातात. पण कधी कधी मिनिटाचा भाव एकाएकी उडी घेतो. पुढचे विमान चुकणारे प्रवासी बरेच असतील, कर्मचाऱ्यांच्या कामाची कायदेशीर मर्यादा संपत आली असेल, किंवा फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी रात्री ११ नंतरच्या बंदीची वेळ जवळ आली असेल, तर दहा मिनिटे उशिराचा खर्च लाखांत जाऊ शकतो. तेव्हा अधिक इंधन जाळणे हाच किफायतशीर मार्ग ठरतो.

घरच्या घरी प्रयोग

सिम्युलेटरवर हे सारे पडताळून पाहता येते. मुंबई ते दिल्ली हा एकच मार्ग, तेच वजन, तीच उंची आणि शक्यतो शांत वारा ठेवावा. मग कॉस्ट इंडेक्स ०, २०, ६०, १०० असा बदलत प्रत्येक वेळी लागलेली मिनिटे आणि जळलेले इंधन वहीत नोंदवावे. नंतर समोरचा वारा देऊन पाहावे. संगणक वेग किंचित वाढवतो, कारण प्रतिकूल वाऱ्यात रेंगाळणे महाग पडते. वारा पाठीमागून असेल तर वेग थोडा कमी होतो.

एक दक्षता घ्यावी. बोइंगचे एकक निराळे आहे, तासाला शंभर पौंड. म्हणून बोइंगचा ४० हा आकडा एअरबसच्या सुमारे ३० बरोबर असतो. एका विमानाचा आकडा दुसऱ्यात तसाच भरू नये.

वहीत चौथा रकाना आखून त्यात मागील नोंदीपेक्षा किती किलो जास्त जळले आणि किती मिनिटे वाचली, यांचा भागाकार लिहावा. तो आकडा ओळीगणिक वाढत गेलेला दिसेल. मग घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना एकच प्रश्न विचारावा: आज इंधनाचा भाव दुप्पट झाला, तर तू यांपैकी कोणत्या ओळीवर थांबशील? ज्याला हे उत्तर कारणासह देता येईल, त्याच्याकडे पुढे पेढीची वही सोपवायला हरकत नाही.