चित्रकथी आणि शकावली

कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथी पोथी उघडून बसतात, तेव्हां एकेक चित्र समोर उभें राहतें, त्याचा कथाभाग गाऊन होतो आणि मग पुढलें चित्र येतें. सीताहरण, मग जटायूचें युद्ध. हा क्रम चुकला तर कथाच मोडते. मात्र दोन चित्रांमध्यें घटका गेली कीं वर्ष लोटलें, हें पोथी सांगत नाहीं. श्रोताही विचारीत नाहीं. चित्रपट घेण्यापूर्वीं प्रसंगांचीं रेखाचित्रें ओळीनें मांडतात, तींही याच जातीचीं.

शकावलीचा बाणा निराळा. शक, मास, तिथि आणि घटना एवढें देऊन ती थांबते. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. शिवाजीमहाराजांचा जन्म तोंवर बहुधा १६२७ सालचा मानीत. या शकावलींत तो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असा निघाला. एका रुक्ष ओळीनें जवळजवळ तीन वर्षांचा फरक! अफझलखानाच्या भेटीच्या वेळीं, १६५९ सालीं, महाराज ३२ नव्हे, २९ वर्षांचे ठरले. वाद पुष्कळ झाला. आतां शासकीय जयंती १९ फेब्रुवारीसच होते. पोवाड्याचें मात्र या फरकानें कांहींच बिघडत नाहीं.

परंतु खान वाई सोडून जावळीच्या रानांत कां शिरला, हें नुसत्या तिथींच्या ओळींत सांपडत नाहीं. त्यासाठीं प्रसंगामागून प्रसंग डोळ्यांपुढें आणावा लागतो. मुलांकडून सनावळ्या घोकून घ्याव्या आणि त्यांना इतिहास समजला असें मानावें, ही गफलत शाळांतून अद्याप गेलेली नाहीं.