सव्वातीन इंचांचा कायदा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाला खेटून मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या लॉब्स्टर पकडणाऱ्या होडीवर दणकट इंजिन असते, रडार असते, पिंजरे ओढणारे हायड्रॉलिक चाक असते; पण सगळा धंदा चालतो तो मुठीत मावणाऱ्या एका पितळी पट्टीवर. या पट्टीला दोन मापे असतात, एक सव्वातीन इंचांचे आणि दुसरे पाच इंचांचे. पिंजरा वर आला की पट्टीचे टोक लॉब्स्टरच्या डोळ्याच्या खोबणीत टेकवायचे आणि पाठीचे कवच कुठे संपते ते बघायचे. लहान मापाला पुरले नाही तर ते पोर, समुद्रात परत. मोठ्या मापाच्याही बाहेर गेले तर ते आजोबा किंवा आजी, तेही परत. मधले तेवढे ठेवायचे, पण त्यांतलीही मादी उलटी करून तपासायची. शेपटीखाली अंडी असली तर शेपटीच्या पंख्याच्या ठरावीक पाकळीला ‘व्ही’ अक्षरासारखी खाच मारून तिला सोडून द्यायचे. ती खाचवाली मादी पुढे कोणाच्याही पिंजऱ्यात आली आणि तेव्हा तिच्या पोटाशी एकही अंडे नसले, तरी तिला हात लावायचा नाही.

हे सगळे काही सेकंदांत होते आणि बघायला सहसा कोणी सरकारी माणूस नसतो.

कोकणातल्या वाचकाला लॉब्स्टर म्हटले की शेवंड आठवेल. दोघांचे नाते लांबचे. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, लांबलचक काटेरी मिशा असतात. मेनच्या लॉब्स्टरला दोन जाडजूड नांग्या असतात, एक चिरडायची आणि एक कापायची. म्हणून पकडल्याबरोबर त्यांना रबराचे पट्टे घालतात. नाहीतर टाकीत एकमेकांचा निकाल लावतात. थंड पाण्यात हा प्राणी फार सावकाश वाढतो. सव्वातीन इंच कवच व्हायला साधारण सहा-सात वर्षे लागतात आणि तेव्हा त्याचे वजन जेमतेम अर्धा किलो भरते. मादी अंडी पोटाखाली चिकटवून नऊ ते अकरा महिने वागवते. लहान मादीची अंडी काही हजार, तर थोराड मादीची लाखाच्या घरात. पाच इंचांच्या वरच्यांना सोडण्यामागे हाच हिशेब आहे: एक म्हातारी दहा तरुणींना भारी पडते.

हा हिशेब कोणाला एका दिवसात सुचला नाही. एकोणिसाव्या शतकात मेनच्या किनाऱ्यावर लॉब्स्टर डबाबंद करणारे कारखाने निघाले. आधी मोठी जनावरे संपली, मग कारखाने मिळेल ते पोर उकडून डब्यात भरू लागले. अंडीवाल्या माद्यांना संरक्षण देणारा कायदा 1872 चा. किमान मापाचे नियम त्यानंतरच्या दशकांत आले आणि पुन्हा पुन्हा बदलले. 1917 पासून सरकार अंडीवाल्या माद्या विकत घेऊन, शेपटीला भोक पाडून सोडू लागले. 1948 मध्ये भोकाच्या जागी ‘व्ही’ आला. कमाल मापाचा, म्हणजे त्या पितळी पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा, कायदा 1933 चा. मंदीचे दिवस होते, मासळीला भाव नव्हता, समुद्रातही माल उरला नव्हता. अशा वेळी मोठी, जास्त पैसे देणारी जनावरे सोडा म्हणणे सोपे नव्हते. पण तेव्हाच्या पिढीने दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता, ही गोष्ट त्या कायद्याच्या कामी आली असावी.

खाच मारायचे काम सक्तीचे होण्याआधी अनेक दशके मच्छीमार ते आपखुशीने करत होते. जेम्स ॲचेसन या मानववंशशास्त्रज्ञाने या माणसांमध्ये वर्षानुवर्षे काम करून 1988 मध्ये ‘द लॉब्स्टर गँग्ज ऑफ मेन’ हे पुस्तक लिहिले. कागदावर समुद्र सर्वांचा असला तरी प्रत्यक्षात प्रत्येक बंदराची टोळी आपापल्या पाण्यावर हक्क सांगते, हे त्याने दाखवले. परका माणूस पिंजरा टाकून गेला तर आधी त्याच्या बोयाला दोरीची एक गाठ मारून ठेवतात. समजला तर ठीक. नाही समजला तर दोरी कापली जाते आणि पिंजरा तळाशी राहतो. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावणे गुन्हा आहे, परवाना जाऊ शकतो. तरीही हे चालते. 2009 मध्ये मॅटिनिकस बेटावर अशाच भांडणात गोळी चालली होती. स्थानिक लोकांच्या शहाणपणाचे कौतुक करताना हा भाग वगळायचा मोह होतो, पण तो वगळू नये. ज्या माणसाला हे पाणी आपले वाटते तोच खाचवाली मादी सोडतो आणि तोच दुसऱ्याची दोरी कापतो.

1995 मध्ये राज्याने या वास्तवाला कायद्यात जागा दिली. किनाऱ्याचे ‘ए’ ते ‘जी’ असे सात विभाग झाले, प्रत्येक विभागात मच्छीमारांनी निवडलेली परिषद आली. पिंजऱ्यांची मर्यादा किती, एका दोरीला पिंजरे किती, दिवसाचे कोणते तास, हे विभागातले परवानाधारक मतदानाने ठरवू शकतात. दोन तृतीयांश मते पडली तर राज्य त्याचा नियम करते. राज्याची कमाल मर्यादा माणशी 800 पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याला क्रमांकाचा बिल्ला. ज्याच्या नावावर परवाना, त्याने स्वतः होडीवर असायलाच हवे, त्यामुळे किनाऱ्यावर बसून वीस होड्या चालवणारा शेठ तिथे उभा राहू शकला नाही. नव्याला आधी उमेदवारी करावी लागते: किमान दोन वर्षे, 200 दिवस, 1,000 तास. त्यानंतर प्रतीक्षायादी. जुने परवाने ठरावीक प्रमाणात रद्द झाल्यावर एक नवा निघतो, म्हणून काही विभागांत माणसे दहा-दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत राहिली. शाळकरी मुलांना मात्र आठव्या वर्षापासून थोड्या पिंजऱ्यांचा विद्यार्थी-परवाना मिळतो. साहजिकच मच्छीमाराच्या पोराचे फावते आणि चाळिशीत धंदा बदलू पाहणाऱ्याची पंचाईत होते.

पिंजऱ्याचीही एक गंमत आहे. त्यात दोन खोल्या असतात. आमिष ठेवलेली पहिली ती ‘किचन’, जेवून पुढे गेलेला पाहुणा अडकतो ती ‘पार्लर’. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी पिंजऱ्यावर कॅमेरा लावून पाहिले, तर आत शिरलेल्या शंभरांतले जेमतेम सहा अडकत होते. बाकीचे जेवून, भांडून चालते होत. त्यातून लहानग्यांना बाहेर पडायला नियमाने एक झरोका ठेवावाच लागतो. दोरी तुटून पिंजरा हरवला तर तो वर्षानुवर्षे जीव पकडत बसू नये, म्हणून एक भाग गंजून गळून पडेल असाच जोडतात. ट्रॉलच्या जाळ्याने लॉब्स्टर धरून मेनमध्ये उतरवता येत नाही. माणूस, पिंजरा आणि पट्टी, एवढीच अवजारे.

आता हंगाम. आपल्याकडे महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की कोळीवाड्यांत नव्या हंगामाची लगबग दिसते. कॅनडाही बराचसा तसाच वागतो. त्याचा किनारा चाळीसएक क्षेत्रांत वाटलेला आहे, प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. नोव्हा स्कोशियाच्या नैर्ऋत्य टोकाच्या 34 क्रमांकाच्या क्षेत्रात नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी पहाटे होड्या पिंजऱ्यांनी शिगोशीग भरून निघतात. त्या दिवसाला ‘डम्पिंग डे’ म्हणतात. मेअखेर सगळे बंद. हेतू असा की लॉब्स्टर कात टाकतो त्या उन्हाळ्यात, त्याचे अंग मऊ असताना, त्याला सोडावे. मेनमध्ये मात्र जवळपास बारा महिने परवानगी आहे. उन्हाळ्यात रविवारी पिंजरे उचलायचे नाहीत, जून ते ऑक्टोबर रात्री उचलायचे नाहीत, बाकी मोकळीक. कॅनडा दार कॅलेंडरने लावतो आणि मेन पट्टीने. मेनचा बहुतेक माल जुलै ते नोव्हेंबरमध्ये येतो, तोही नुकती कात टाकलेला, मऊ कवचाचा. त्याला भाव कमी, पण गोडी जास्त, असे तिथले लोक शपथेवर सांगतात.

अपवाद आहे मोन्हेगन बेटाचा. किनाऱ्यापासून दहाएक मैलांवरच्या या चिमुकल्या बेटाने शंभराहून अधिक वर्षे उन्हाळी बंदी स्वतःवर लादून घेतली आहे. उन्हाळ्यात पर्यटक आणि चित्रकार, थंडीत लॉब्स्टर. पूर्वी हंगाम 1 डिसेंबरला उघडे, नंतर तो 1 ऑक्टोबरवर आला. पिंजरे टाकायचा पहिला दिवस म्हणजे ‘ट्रॅप डे’. धक्क्यावर सगळे गाव हजर. कोणी आजारी असेल, कोणाचे इंजिन बिघडले असेल, तर बाकीचे थांबतात आणि सगळे एकदमच निघतात. नव्वदच्या दशकात मुख्य किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी या पाण्यात शिरायचा प्रयत्न केला, तेव्हा बेटाने विधिमंडळ गाठले आणि 1998 मध्ये आपल्या पाण्यासाठी स्वतंत्र कायदा मिळवला.

दोन पद्धती एकाच पाण्यात आल्या की काय होते, ते मॅकाइअस सील बेटाजवळ दिसते. या बेटाभोवतीच्या सुमारे 277 चौरस मैलांवर अमेरिका आणि कॅनडा दोघेही हक्क सांगतात. 2002 पासून कॅनडाच्या होड्याही तिथे उन्हाळ्यात येऊ लागल्या. मेनच्या माणसाने पाच इंचांवरचा धटिंगण नियमाप्रमाणे पाण्यात सोडायचा आणि शेजारच्या कॅनेडियन होडीने तोच नियमाप्रमाणे उचलायचा. दोघेही कायदा पाळतात, आणि संतापाचे कारण नेमके तेच आहे.

पट्टीचा उपयोग झाला का? 1950 ते 1980 च्या दशकांत मेनमध्ये वर्षाला साधारण दोन कोटी पौंड, म्हणजे नऊ हजार टनांच्या आसपास माल निघे. 2016 मध्ये तो 13 कोटी 20 लाख पौंडांवर, जवळजवळ साठ हजार टनांवर गेला. याचे सगळे श्रेय पट्टीला देणे भाबडेपणाचे होईल. लॉब्स्टरची पोरे खाणारा कॉड मासा अतिमासेमारीने संपला होता आणि कधीकाळी फार थंड असलेले मेनचे आखात ऊब धरू लागले होते. पण त्याच उबेने दक्षिणेकडे, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंड साऊंडपर्यंत, लॉब्स्टरचा धंदा बुडाला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने दोन्ही भागांची तुलना केली. 1985 ते 2014 या काळात मेनच्या आखातातली संख्या 515 टक्क्यांनी वाढली होती. थोराड माद्यांना संरक्षण नसते तर ही वाढ निम्म्याहूनही कमी झाली असती, असा त्याचा निष्कर्ष होता.

मुंबईच्या समुद्रात याची उलटी बाजू घडून गेली आहे. इथे शेवंडीचा चपटा भाऊबंद ट्रॉलच्या जाळ्यांत कोळंबीबरोबर सापडे. ऐंशीच्या दशकात त्याला निर्यातीचा भाव आला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मुंबईच्या धक्क्यांवरून जवळजवळ दिसेनासा झाला. 2003 मध्ये केंद्राने निर्यातीसाठी किमान वजने ठरवली: मुंबईकडच्या शेवंडीला 300 ग्रॅम, या चपट्याला 150. म्हणजे तपासणी झाली ती निर्यातीच्या दारात. तोवर जाळ्यात चेंगरलेले लहान जनावर कधीच मेलेले असते. सोडून देण्यासारखे काही उरत नाही.

मेनच्या मच्छीमारांपुढचे नवे प्रश्न त्यांच्या पट्टीत मावत नाहीत. उत्तर अटलांटिकचे राइट व्हेल आता चारशेहूनही कमी उरले आहेत आणि बोयाच्या उभ्या दोऱ्यांत ते अडकतात. 2020 पासून मेनच्या दोरीवर जांभळी खूण आली. दोरीला 1,700 पौंडांच्या ओढीला तुटणारे कच्चे दुवे घालावे लागले. 2021 पासून खोल समुद्रातल्या साडेनऊशेहून अधिक चौरस मैलांत ऑक्टोबर ते जानेवारी उभ्या दोऱ्यांना बंदी आली. बारमाही हंगामाला कॅलेंडरने मारलेली ही पहिली मोठी खाच. मच्छीमार म्हणत राहिले की आमच्या दोरीत मेलेला व्हेल दाखवा. डिसेंबर 2022 मध्ये संसदेने पुढच्या निर्बंधांना सहा वर्षांची मुदत दिली. मग जानेवारी 2024 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर एक तरुण मादी मेलेली सापडली. तिच्या शेपटीत रुतलेल्या दोरीवर जांभळी खूण होती.

आणि खुद्द पट्टीवरूनही भांडण झालेच. समुद्रतळावरची पोरे मोजणारी सर्वेक्षणे घट दाखवू लागली, तेव्हा अटलांटिक राज्यांच्या मत्स्य आयोगाने 2023 मध्ये ठरवले की ही घट 35 टक्क्यांवर गेली तर किमान माप एक षोडशांश इंचाने वाढवायचे. म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. घट 39 टक्के निघाली. मच्छीमार उसळले: उतरणारा माल तेवढा घटलेला नाही, मधला तुकडा कॅनडाच्या हाती जाईल, आमचे हप्ते कोण भरणार? तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये मेनने हात वर केले. आयोगाने नियम मागे घेतला आणि मेन, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स या राज्यांच्या मच्छीमारांना सांगितले की मग उपाय तुम्हीच सुचवा.

2024 मध्ये मेनमध्ये उतरलेला माल साडेआठ कोटी पौंडांच्या आसपास होता. पितळी पट्टीचे धाकटे टोक अजून सव्वातीन इंचांवरच आहे.