चाळीसगावला गाडी बदलते

धुळ्याच्या माणसाला मुंबईला जायचं म्हणजे आधी चाळीसगाव. १९०० साली धुळे-चाळीसगाव हा फाटा सुरू झाला आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं धुळेकर छोट्या गाडीतून उतरून, चाळीसगावच्या फलाटावर बोचकी सांभाळत मोठ्या गाडीची वाट पाहत राहिले. दादरची थेट गाडी मिळाली ती अगदी अलीकडे. गाडी बदलावी लागते म्हणून मुंबईला जायचं मात्र कोणी थांबवलं नाही.

त्याच घरातला मुलगा दहावी झाला की घर वेगळं बोलू लागतं. आता काय ते एकदाच ठरवा, पुन्हा बदल नाही. निकालानंतरच्या आठवड्यात पारावर, दूध डेअरीवर, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न असतो, ‘तुना पोऱ्या काय करस आते?’ उत्तर मुलाला विचारून नव्हे, टक्के पाहून दिलं जातं. ऐंशीच्या वर असला तर सायन्स, त्याखाली कॉमर्स, आणखी खाली आर्ट्स, आणि कुठेच बसला नाही तर आयटीआय. ही उतरंड कोणत्याही सरकारी कागदावर नाही, पण जळगाव-धुळ्याच्या गावागावांत ती नियमासारखी पाळली जाते. मला ती चुकीची वाटते, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, झाली सहा. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन, पुन्हा सहाच. आयटीआयची दोन, मग पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षापासून दोन, मग इंजिनिअरिंगची तीन, झाली सात. ज्याला आपण ‘वाया गेलेला’ म्हणतो तो मुलगा सायन्सवाल्याच्या एक वर्ष मागे आहे, एवढंच. शिवाय वाटेत कधीही थांबावं लागलं, बाप आजारी पडला किंवा कापूस हातचा गेला, तरी त्याच्याकडे पोट भरण्याजोगं प्रमाणपत्र असतं. बारावी सायन्स करून थांबलेल्या मुलाकडे फक्त गुणपत्रिका असते.

हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणणार नाही. आयटीआयमधून पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलाची गणिताशी आणि इंग्रजी पुस्तकांशी झटापट होते. पॉलिटेक्निकमधून इंजिनिअरिंगला गेलेल्याचं पहिल्या वर्षाचं गणित सुटलेलं असतं, ते त्याला रात्री बसून भरून काढावं लागतं. मधल्या सुट्टीतल्या दोन महिन्यांत कोणी त्याला ते शिकवलं तर पुढचं बरंच सोपं होतं, पण हे त्याला सांगणारंच कोणी नसतं.

आयटीआयबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खानदेशात ज्या वाटेची किंमत सर्वांत कमी केली जाते ती हीच. सरकारी फलकावर जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, कातारी, संधाता अशी नावं असतात; मुलं फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, वेल्डर म्हणतात. वेल्डर एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. हा फरक प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही, पण पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दार दोन वर्षांच्या ट्रेडलाच उघडतं. भाषेची ठरावीक परीक्षा दिली तर दोन वर्षांच्या आयटीआयला बारावीची समकक्षताही मिळते.

आणि मग भुसावळ. इथे रेल्वेची विभागीय कचेरी आहे, इंजिनांचे शेड आणि कारखाना आहे. शेजारी आयुध निर्माणी, पलीकडे वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. मध्य रेल्वे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिस भरते आणि त्यात भुसावळचा स्वतंत्र गट असतो. लेखी परीक्षा नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के लागतात, वय १५ ते २४. म्हणजे ‘आयटीआयलाच तर जायचंय’ म्हणून दहावीला जेमतेम पास होणारा मुलगा दोन वर्षांनी याच यादीतून बाहेर राहतो. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे आणि विद्यावेतन तुटपुंजं असतं, पण ती पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मुलाला हे सगळं पाळण्यातच कळतं. शिंदखेड्याच्या किंवा साक्रीच्या मुलाला ते जाहिरातीची मुदत संपल्यावर कळतं. दोघांच्या बुद्धीत फरक नाही, फरक एवढाच की एकाचे काका रेल्वेत आहेत.

आता सायन्सकडे येऊ. सायन्सला जाणाऱ्यांतला मोठा भाग डॉक्टर-इंजिनिअर या दोन शब्दांवर जातो आणि अकरावीच्या पहिल्याच महिन्यात गणित किंवा जीवशास्त्र सोडून देतो. क्लासवाले सांगतात, ‘ओझं कमी होईल.’ पण गणित सोडलं की इंजिनिअरिंग बंद, जीवशास्त्र सोडलं की नीट बंद, आणि सोळाव्या वर्षी हे दार लावून घेतल्याचं कळतं ते अठराव्या वर्षी. ज्याला झेपतं त्याने दोन्ही विषय ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. कृषी पदवीला बारावी सायन्स आणि सीईटी लागते. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठाखालचं जुनं आणि नावाजलेलं आहे. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या केळी उत्पादकाची मुलगी शेतीचं शिक्षण हा पर्याय यादीत शेवटी टाकते, याचं मला वाईट वाटतं. फार्मसीसाठी शिरपूर आहे. डॉक्टरकीसाठी धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय होतंच, जळगावात २०१८पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय अभियांत्रिकी तर जळगावात १९९६पासून आहे. घराजवळची ही दारं माहीत नसतात, आणि लातूर-कोट्याच्या क्लासची फी मात्र तोंडपाठ असते.

नीटसाठी एक वर्ष थांबायचं का, हा प्रश्न पालक फार विचारतात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला उत्तर त्याच्याच मळ्यात मिळेल. केळीचं पहिलं पीक नवती, आणि त्याच बुडख्याच्या पिलावर घेतलेलं दुसरं पीक पिलबाग. पिलबाग ठेवायचा की मोडायचा हे तो नवतीची ताकद पाहून ठरवतो, शेजाऱ्याने ठेवला म्हणून नाही. पहिल्या प्रयत्नात मुलगा काठावर थांबला असेल तर वर्ष द्यावं. फार मागे राहिला असेल तर तेच वर्ष दुसऱ्या शिक्षणात घालावं.

कॉमर्सबद्दल एवढंच सांगतो की सोन्याचा बाजार, डाळमिल, चटई आणि पाइपचे कारखाने असलेल्या जळगावात हिशेब जाणणाऱ्याला काम मिळतं. सीए व्हायचं असेल तर फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच करून ठेवता येते. व्यापारालाही इथे परंपरा आहे. वाकोदचे भवरलाल जैन कायद्याचे पदवीधर होते, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी समोर असताना त्यांनी ती घेतली नाही आणि १९६३ साली ७,००० रुपयांवर रॉकेलची विक्री सुरू केली. आज ठिबकच्या नळीला राज्यभर जळगावचं नाव चिकटलंय ते त्यातून.

आर्ट्सला जाणाऱ्या मुलांच्या मनात बहुधा स्पर्धा परीक्षा असते. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचे राजेश पाटील यांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ हे पुस्तक आणि साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारुड यांची गोष्ट, यांनी खानदेशातल्या गरीब घरांना केवढा धीर दिलाय. तो धीर खरा आहे, तरी त्या शेजारी एक आकडा ठेवायला हवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवांच्या जागा साऱ्या देशात वर्षाला हजाराच्या आसपास असतात. आणि भारुड आधी एमबीबीएस झाले होते, मग प्रशासनात गेले. परीक्षा निघाली नसती तरी त्यांच्या हातात व्यवसाय होता. पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनाही मी हेच विचारतो, की धावण्याच्या जोडीला काय शिकतोयस? ज्याला फौजेत अधिकारी व्हायचंय त्याने दहावीतच छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा पाहावी. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

मुलींची गोष्ट वेगळी लिहावी लागते. ‘गावाजवळ जे असेल ते’ असं म्हणून त्यांची शाखा ठरते, आणि खर्चाचं कारण पुढे केलं जातं. ते कारण आता पूर्वीइतकं उरलेलं नाही. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण माफ करतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून व्हायला हवा. थेट संस्थेत पैसे भरून घेतलेली जागा यात बसत नाही. वसतिगृह आणि खानावळ राहतेच, पण निदान ‘फी कोण भरणार’ हे वाक्य म्हणण्याआधी बापाने एकदा हा नियम वाचावा.

कागदांचं मात्र कोणी माफ करत नाही. राखीव जागेवरच्या व्यावसायिक प्रवेशाला जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते तहसीलच्या दाखल्यासारखं चार दिवसांत निघत नाही. आजोबांच्या शाळेचा दाखला, खासरा, जुनी कोतवाल बुकाची नक्कल शोधण्यात महिने जातात. आदिवासी आणि कोळी-ठाकूर समाजांतल्या घरांना तर याचा फार जुना अनुभव आहे. अर्ज अकरावीतच टाकावा. बारावीनंतरच्या जूनमध्ये धावपळ केली तर गुण असून जागा जाते. अकरावीचा प्रवेशही २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झालाय. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून सेवा केंद्रात बसलेल्या माणसाला ‘भर काहीही’ म्हणू नये.

हे सगळं मुलाला कोणी सांगायचं? २०१६ साली शिक्षण विभाग आणि श्यामची आई फाउंडेशन यांनी दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. कृषी, आरोग्य, तंत्रज्ञान, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत कल कुठे आहे याचा अहवाल निकालाबरोबर हातात पडायचा. पुढे ती बंद पडली. चाचणीपेक्षा मला तिच्यानंतरचा रिकामेपणा जास्त खटकायचा. ‘कल: तांत्रिक’ असं वाचून मुलगा घरी यायचा, आणि शेजारच्या तालुक्यातल्या आयटीआयची कार्यशाळा त्याने कधी आतून पाहिलेली नसायची. नववीच्या हिवाळ्यात, सहलीला वेरूळला नेतो तशी एक दिवसाची फेरी आयटीआय, पॉलिटेक्निक आणि कृषी महाविद्यालयात नेली तर खर्च एसटीच्या भाड्याइतकाच येईल. भाता, लेथ, माती तपासणीची बाटली मुलाने एकदा हाताळावी.

आणखी एक काम शाळांना फुकटात करता येईल. मुलगा दहावी होऊन जातो तेव्हा दाखल्यावर ‘पुढील शिक्षणासाठी’ एवढं लिहिलं जातं. कुठे गेला, काय झाला, हे शाळेत कुठेच नोंदलेलं नसतं. एक वही घालावी. मुलाचं नाव, दहावीचे गुण, कुठे गेला, मध्ये काय बदललं, आता काय करतो. एखादा फिटर होऊन भुसावळला, एखादी नर्स होऊन नाशिकला, एखादा दोनदा नापास होऊन मग स्वतःचं ठिबक जोडणीचं काम करणारा. २०१५च्या दहावीचा पट काढून वर्गशिक्षक दोन रविवार फोन घेऊन बसले तर वहीची पहिली चाळीस पानं भरतील.