माळ्यावरचा ट्रक आणि अडीच सीसीचं इंजिन



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या माझ्या भाच्याने माळ्यावरून एक खोका खाली काढला. आत जुनं वर्तमानपत्र, एक करड्या रंगाचा रिमोट आणि धुळीने माखलेला, मोठाल्या चाकांचा एक ट्रक. त्याच्या बाबांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, नोकरीनिमित्त डॅलसला असताना 2000 साली घेतलेला. भाऊजी आता नाहीत. पोराने हा ट्रक कधी चालताना पाहिला नव्हता. "याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा," एवढंच त्याने आईकडून ऐकलेलं. त्याने मला विचारलं, "मावशी, हा परत सुरू होईल का?"

लगेच उत्तर देता आलं नाही. पण पुढचे दोन महिने त्या ट्रकने आम्हा दोघांना जेवढं विज्ञान शिकवलं, तेवढं मी एका सत्रात वर्गात शिकवत नाही. म्हणून हा लेख. तुमच्या घरी असा ट्रक नसेलही, पण यातले बरेच धडे तुमच्या वर्गात नक्की उपयोगी पडतील.

आधी हे यंत्र काय आहे ते बघू. ट्रक आहे ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीचा टी-मॅक्स, 1999 साली बाजारात आलेल्या पहिल्या आवृत्तीचा. आजकालचे बहुतेक रिमोटचे ट्रक बॅटरीवर चालतात. यात मात्र खरंखुरं इंजिन आहे, दोन स्ट्रोकचं. चारही चाकांना ताकद, दोन गिअर आपोआप बदलणारे, शिवाय उलटा गिअर. मूळ इंजिनासकट, मूळ रिमोटसकट असा नग आता सहज दिसत नाही. वापरणाऱ्यांनी इंजिनं बदलली, मोठी बसवली, ट्रक मोडले, टाकून दिले.

इंजिनावर लिहिलं होतं .15. भाच्याला वाटलं ही किंमत किंवा मॉडेल नंबर असेल. मी म्हटलं, हे घन इंच आहेत, काढ सीसी. एक घन इंच म्हणजे 16.39 घन सेंटिमीटर. 0.15 ने गुणलं की 2.46. म्हणजे अडीच सीसी! आपल्या 100 सीसीच्या मोटरसायकलच्या चाळिसावा भाग. एककांच्या रूपांतराचं इतकं चांगलं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. जुनं इंजिन फिरत नसेल तर जोर लावू नका. भाचा पक्कड घेऊन फ्लायव्हील फिरवायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. आतला कनेक्टिंग रॉड बोटाच्या दोन पेरांएवढाही नसतो. पिस्टन चिकटलेला असताना बाहेरून ताकद लावली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि मग दुरुस्तीचं काम शोभेच्या वस्तूपाशी येऊन थांबतं.

पिस्टन चिकटतो तो कशाने? इथे इंधन समजून घ्यायला हवं. या इंजिनात पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण लागतं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वेगळं ऑइल नसतं, इंधनातलंच तेल वंगणाचं काम करतं. आणि ते तेल कुठलं? बऱ्याच इंधनांत चक्क एरंडेल! आजीच्या हातचं चमचाभर एरंडेल आठवून आपली तोंडं वाकडी होतात, तेच. भारत हा जगातला सर्वांत मोठा एरंड उत्पादक देश आहे, तेव्हा अमेरिकेतल्या त्या डब्यात आपल्याकडचा एखादा थेंब असेलही. एरंडेल खूप तापलं तरी धातूला धरून राहतं, म्हणून इंजिनवाल्यांना ते आवडतं. पण ते जसं धरून राहतं तसंच सुकून बसतं. कढईच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा जो तांबूस, चिवट थर बसतो ना, तसाच थर पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये वीस वर्षं बसला होता.

थर काढायला आम्ही दोन पायऱ्या केल्या. आधी ग्लो प्लग काढून त्या भोकातून हलक्या तेलाचे चार थेंब सोडले आणि हेअर ड्रायरने इंजिनाचा माथा गरम केला. दोन दिवस रोज हेच. तिसऱ्या दिवशी फ्लायव्हील बोटाने किंचित हललं. मग इंजिन उघडलं, रबर आणि प्लास्टिकचे भाग वेगळे केले, आणि धातूचे भाग गाडीच्या कूलंटमध्ये कोमट करून काही तास ठेवले. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल हा थर सैल करतं. पण पालकहो, हे द्रव्य चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, काम घराबाहेर करा, मांजर-कुत्र्याला जवळ येऊ देऊ नका. आम्ही वापरलेलं पातेलं त्या दिवसापासून रद्दीत गेलं. ताईने त्यावरून ऐकवलं ते वेगळंच.

सुटं करताना भाच्याला एकच काम दिलं होतं: प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो, प्रत्येक जोडणीचे स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव आणि क्रमांक. तीन दिवसांत तो वैतागला. पण जोडायची वेळ आली तेव्हा त्याच वहीमुळे आम्ही वाचलो. प्रयोगवहीत "साहित्य" आणि "कृती" का लिहायची हे त्याला मला परत सांगावं लागलं नाही.

पुढचा अडथळा बेअरिंगचा. क्रँकशाफ्ट ज्या दोन बेअरिंगवर फिरतो त्यांतलं मागचं गंजलेलं होतं. कारण परत इंधनच. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष उरतात, आणि पोलादाला हे दोन्ही सोसत नाही. त्यात आपली पावसाळी हवा. बेअरिंग घट्ट बसलेलं, ठोकून काढावं तर ॲल्युमिनिअमचं घर खराब होणार. मग?

इथे आठवीत आपण शिकवतो ते स्थायूंचं प्रसरण कामी आलं. ॲल्युमिनिअम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गणित फळ्यावर मांडण्यासारखं आहे. समजा बेअरिंगचा बाहेरचा व्यास 20 मिलिमीटर आहे आणि आपण तापमान 120 अंश सेल्सिअसने वाढवलं. ॲल्युमिनिअमचा प्रसरणांक 0.000023, म्हणून 20 × 0.000023 × 120, म्हणजे घर सुमारे 0.055 मिलिमीटरने मोठं झालं. पोलादाचा 0.000012, म्हणून बेअरिंग 0.029 ने वाढलं. फरक 0.026 मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! पण तेवढ्यावर भागलं. हीट गनने घर सगळीकडून सारखं तापवलं, जाड हातमोजे घातले, लाकडी फळीवर उलटं करून दोनदा आपटलं, आणि बेअरिंग टप्पकन खाली पडलं. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. नवीन बेअरिंगसाठी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापं व्हर्निअर कॅलिपरने घेतली आणि बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचं मिळालं. व्हर्निअर कशासाठी असतो, हा प्रश्न त्या दिवशी सुटला.

पिस्टन साफ झाल्यावर आम्ही परत घाबरलो. इंजिन फिरत होतं, पण पिस्टन अगदी वर गेला की अडायचा. पुन्हा जाम? नाही. ही या इंजिनाची घडणच आहे. सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद केलेला असतो. चालू इंजिनात वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त तापतो, जास्त पसरतो आणि मग अंतर बरोबर जमतं. म्हणजे थंड असताना वर अडणं ही चांगली खूण आहे, पिस्टन झिजलेला नाही याची. मधेच कुठेतरी अडत असेल तर मात्र थर शिल्लक आहे असं समजावं. तुम्ही जुनं इंजिन विकत घेत असाल तर हे बोटाने तपासून बघा, विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते खरं सांगतं.

रबराच्या बाबतीत कंजुषी करू नका. ओ-रिंग, इंधनाच्या नळ्या, सगळं नवं घाला. कडक झालेल्या नळीतून बारीकशी हवा शिरली तरी इंधन कमी आणि हवा जास्त असं मिश्रण होतं. इंधन कमी म्हणजे वंगणही कमी, आणि इंजिन तापून खलास. नायलॉनच्या हातांची गंमत उलटी आहे. नायलॉन कोरडं पडलं की ठिसूळ होतं. गरम पाण्यात ठेवलं की पाणी शोषून परत लवचीक होतं. ज्या दमट हवेने बेअरिंग खाल्लं, तिनेच ट्रकचे नायलॉनचे भाग जपले होते!

वरचं रंगीत कवच मात्र आम्ही तसंच ठेवलं. ते पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं असतं आणि आतल्या बाजूने रंगवलेलं. एका कोपऱ्याला तडा आहे, भाऊजींनी आतून पट्टी लावून चिकटवलेला. नवं कवच मिळतं. भाचा म्हणाला, नको. मलाही तेच बरं वाटलं. चालण्यासाठी जे लागतं ते बदलावं, बाकीच्याला हात लावू नये, असं माझं मत आहे. संग्राहकांची मतं वेगळी असतात, असोत.

रिमोटबद्दल मात्र मी हट्ट धरला. मूळ रिमोट 27 मेगाहर्ट्झचा. 300 भागिले 27, म्हणजे तरंगलांबी सुमारे 11 मीटर, म्हणून त्याला लांबलचक अँटेना. आजचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचे, तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणून अँटेना बोटाएवढी. पण खरा मुद्दा सुरक्षिततेचा. जुन्या संचात संदेश तुटला तर ट्रक थांबेलच याची खात्री नाही, आणि पूर्ण वेगात सुटलेलं इंजिन बॅटरीच्या खेळण्यासारखं कुणी पायाने अडवू शकत नाही. नव्या रिसीव्हरमध्ये संदेश तुटताच थ्रॉटल बंद करण्याची सोय असते. म्हणून मूळ रिमोट कपाटात, नवा ट्रकमध्ये.

इंधनाबद्दल स्पष्टच सांगते. मिथेनॉल म्हणजे तेच द्रव्य, ज्याने 2015 साली मालवणीत विषारी दारूतून शंभरावर माणसं गेली. ते त्वचेतूनही शरीरात जातं, डोळ्यांची नजर घेऊ शकतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तयार सीलबंद इंधनच घ्या, घरी काहीही मिसळू नका. टाकी भरणं हे मोठ्या माणसाचं काम, हातमोजे घालून, मोकळ्या मैदानात. शाळेत दाखवायचं असेल तर इंजिन कोरडंच दाखवा. सुटं केलेलं इंजिन मुलांना चालू इंजिनापेक्षा जास्त शिकवतं.

दहावीच्या मुलांसाठी एक प्रश्न ठेवते. नायट्रोमिथेन का घालतात? समीकरणं संतुलित करायला सांगा. मिथेनॉलच्या 2 रेणूंना ऑक्सिजनचे 3 रेणू लागतात. नायट्रोमिथेनच्या 4 रेणूंना मिळूनही 3 च. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं, म्हणून जास्त ताकद. आणि या इंजिनात ठिणगीच नाही! ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार सुरू करताना दीड व्होल्टने लाल करायची. एकदा इंजिन चालू झालं की दाबाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर होणारी मिथेनॉलची अभिक्रिया तिला तापलेली ठेवते, बॅटरी काढून घ्यायची. उत्प्रेरकाचं हे उदाहरण मुलं विसरत नाहीत.

जानेवारीत एका रविवारी सकाळी मैदानात गेलो. नीडल माहितीपुस्तिकेप्रमाणे लावली, माथा ड्रायरने आधी गरम करून आणला. पहिल्या सात-आठ प्रयत्नांत नुसती घरघर. मग एकदम कानठळ्या बसवणारा आवाज, निळसर धूर, चार सेकंद, आणि बंद. ताई लांब कठड्यावर बसली होती, ती उठून उभी राहिली. नीडल पाव फेरा उघडली, परत सुरू केलं. या वेळी चालत राहिलं. मी इन्फ्रारेड तापमापीने माथ्याचं तापमान बघत होते, 105 ते 130 अंशांच्या मध्ये राहिलं की ठीक. भाच्याने दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला रिमोट आईच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्याने न सांगता टाकी रिकामी केली, नळीतलं उरलेलं इंधन संपेपर्यंत इंजिन फिरवलं, कार्बोरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडले, आणि पिस्टन सिलिंडरच्या अरुंद भागात अडकून राहू नये म्हणून फ्लायव्हील बोटाने फिरवून तो खाली आणून ठेवला. मग वहीत तारीख लिहिली.